खुर्ची नको म्हणाले

माझ्या नवऱ्याच्या, चंदरच्या हातून त्याच्या चुलतभावाचा खून झाला. बदलापूरजवळच्या आमच्या गावात जमिनींना भाव आला, बांधावरून भांडण पेटले आणि यांच्या हातात कोयता होता. हे आधीच सांगून टाकते. शिक्षा भोगून हे घरी आले. मेलेल्याची बायको आमच्याच गावात राहते. ती नळावर दिसली की मी अजून हंडा घेऊन मागे वळते.

पुढे अंबरनाथच्या एका संस्थेने यांना कामावर घेतले. सुटलेल्या कैद्यांना पुन्हा माणसांत बसवायचे, हे त्या संस्थेचे काम. प्रमुख कुमुदिनी मॅडम, पुण्याच्या, बोलायला गोड. पत्रे, मीटिंगा, फोटो हे त्यांच्याकडे. बाकीचे सगळे यांच्याकडे. सुटणाऱ्याला तुरुंगाच्या दारातून आणायचे. पॅरोलवर आलेला पोलीस ठाण्यात हजेरीला गेला की नाही ते बघायचे, दारू पिऊन पडला असेल तर उठवून न्यायचे. घरचे आत घेत नसतील तर त्यांच्या उंबऱ्याबाहेर बसून राहायचे.

सगळ्यात जड काम नोकरी लावण्याचे. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गल्लोगल्ली जीन्स शिवतात, पण तुरुंगातून आलेल्याला मशीनवर कोण बसवणार? हे शेठपुढे उभे राहायचे आणि एवढेच बोलायचे, "मी खुनात आत होतो. संस्थेने मला ठेवला, काही बिघडलं का? तुम्ही याला ठेवा." दुसरे काही बोलताच येत नसे यांना. तेवढ्यावर माणसे लागत गेली. मी स्वतः भूपेश शेठच्या कारखान्यात शिवलेल्या पँटींचे धागे कापते. तिथेच यांनी लावलेले चारजण होते.

गेल्या वर्षी संस्थेच्या कार्यक्रमात मॅडम माईकवर म्हणाल्या, "मला आता दिल्लीला मोठी जबाबदारी मिळते आहे. माझ्या खुर्चीवर पुढच्या वर्षी चंदरदादा बसतील. ज्याने तुरुंग भोगला, त्यानेच हे केंद्र चालवायला हवं." टाळ्याच टाळ्या. भूपेश पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत होता. दुसऱ्या दिवसापासून तो मला छळायला लागला. "मावशी, अब साहेब की मिसेस धागा काटेगी क्या? एसी लगवाऊं क्या तुमच्यासाठी?" कारखाना हसायचा. मीही हसायचे. मला ते आवडत होते.

मॅडमनी जायच्या वेळी यांना आत बोलावले. घरी आले ते भाकरी समोर घेऊन नुसते बसले.

"काय झालं?"

"कंपनी पैसे देते ना संस्थेला, तिची अट आहे. प्रमुखावर गुन्हा शाबीत झालेला नसावा."

"मग मॅडम काय बोलल्या?"

"बोलल्या, मी भांडते कंपनीशी. ही अट काढायला लावते. एक वर्ष थांबा."

"आणि वर्षभर खुर्चीवर कोण?"

"विक्रांत नावाचा पोरगा आहे. शिकलेला आहे. त्याला सगळं काम दाखवायचं, बोलल्या."

"कोणी दाखवायचं?"

यांनी भाकरी मोडली आणि कालवणात बुडवली.

विक्रांत वाईट नव्हता. आल्या आल्या यांच्या पाया पडला. यांना 'काका' म्हणायचा. वाईट असता तर मला बरे वाटले असते, शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्याच आठवड्यात वांगणीचा धोंडिबा सुटून आला. पन्नाशी उलटलेला माणूस, तुरुंगात शिलाई शिकलेला. बायको कधीच सोडून गेलेली. भावाने गोठ्यात झोपायला जागा दिली होती, ती पण काम मिळेपर्यंतच. हे त्याला घेऊन भूपेशकडे आले. मी दाराजवळच्या ढिगाशी बसले होते, माझ्या कानावर सगळे पडत होते.

भूपेशने आज चहा मागवला नाही. "चंदरभाई, काल तुमचा नवीन साहेब येऊन गेला. कार्ड दिया. केंद्रप्रमुख, विक्रांत. मग तुम्ही कोण?"

"मी आहे तोच आहे."

"नाही, नाही. माईक पे बोले थे मॅडम. मी ऐकलंय. अब क्या हुआ? तुमचं काही निघालं काय नवीन? सच बोलो."

"काही नाय निघालं."

"फिर? तुम्हारे संस्थावालों को ही तुमपे भरोसा नहीं, और मैं तुम्हारे भरोसे पे आदमी रखूं? मी काय येडा आहे? याला तर घेणार नाहीच. आत बसलेत त्या चौघांचं पण बघावं लागेल मला."

मशीनवरचे चौघे तसेच शिवत होते, पण त्यांचे पाय थांबून थांबून पडायला लागले होते. धोंडिबा दारातच चपला हातात धरून उभा होता. मी वाट बघत होते. आता हे बोलतील, कंपनीची अट सांगतील, मॅडमचा गोडपणा बाहेर काढतील.

हे हसले. लग्नापासून मी यांना ओळखते, तसे हसताना कधी बघितले नव्हते.

"शेठ, मीच नको म्हणालो. दिवसभर खुर्चीवर बसून इंग्रजीत सह्या कोण करणार? मॅडम पाया पडल्या, तरी नको म्हणालो. मला माणसांत फिरायचं आहे."

"खुद मना किया?"

"खुद."

भूपेशने माझ्याकडे बघितले. "मावशी, सच है?"

मी कात्री खाली ठेवली. "हो," म्हटले. "डोकं फिरलंय त्यांचं."

भूपेश खदाखदा हसला. चहा आला. धोंडिबाला कोपऱ्यातली मशीन मिळाली.

संध्याकाळी रिक्षाच्या रांगेत मी यांना धरले. "मला का खोटं बोलायला लावलंत?"

"अट सांगितली असती तर शेठ बोलला असता, कंपनीलाच आत जाऊन आलेला माणूस नको, मग मी का ठेवू? आणि तू आपणहून बोललीस."

"मग काय पाच माणसं रस्त्यावर काढू? पण आता ही गोष्ट गावभर होणार."

"होऊ दे. मॅडम भांडतायत ना कंपनीशी. वर्षाने बघू."

गोष्ट झालीच. भूपेशने ती सगळ्या बाजारात कौतुकाने सांगितली, विक्रांतने ऐकली, त्याने दिल्लीला कळवली. यंदाच्या कार्यक्रमाला मॅडम खास आल्या. यांना शाल, नारळ दिला आणि माईक हातात घेतला.

"एवढं मोठं पद समोर असताना चंदरदादांनी ते स्वतःहून नाकारलं. मी कंपनीशी त्यांच्यासाठी बोलणार होते. पण ज्याला पदाचा मोहच नाही, त्याला आपण त्यात कशाला अडकवायचं? तो विषय मी आता आदराने बंद करते."

माझ्याशेजारी कोणीतरी डोळे पुसत होते. पहिल्या रांगेत भूपेश उभा राहून टाळ्या वाजवत होता. मॅडमनी माईक यांच्यापुढे धरला. यांनी मला शोधले, मग भूपेशकडे बघितले. त्याच्या मागच्या रांगेत धोंडिबा आणि ते चौघे नवे शर्ट घालून बसले होते.

"मॅडम बोलल्या ते खरं आहे," हे म्हणाले.

तिथून सगळे संपले. अट आता कोणी काढणार नाही, कारण ती कोणाला अडवतच नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात धोंडिबा चहा घेऊन माझ्याजवळ टेकला. अंगावर जरा मांस चढले होते, वांगणीत भाड्याची खोली घेतली होती.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण चंदरभाऊ येडेच. मला एवढी खुर्ची दिली असती ना, मी मेलो तरी सोडली नसती. त्यांना साधं कळलं नाही? माणसाने आपलं बघायला पाहिजे."

"हो रे बाबा," मी म्हटले. "मी पण तेच सांगत होते त्यांना."