बिननावाची हाक

१९७१च्या हिवाळ्यात काकासाहेबांना टायफॉईडनं पुरतं पिळून काढलं. जामखेडकडचा हा उंचापुरा शेतकरी उठताना भिंतीचा आधार घेऊ लागला, तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी हवापालट सुचवला. काकासाहेबांना समुद्र बघायची जुनी हौस, पण कोकण गाठायचं बळ अंगात कुठलं? मग आपल्याच जिल्ह्यातला भंडारदरा बरा, असं ठरलं. धरणाचं अफाट पाणी बघून ते बायकोला म्हणाले, "भीमे, ह्योच आपला समुद्र." जन्मभर विहिरीचा तळ बघितलेल्या माणसाला तो समुद्रच वाटणार.

काठावर रतनबाई नावाच्या विधवेनं दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या. चूल, सरपण, भांडी तिची. स्वयंपाक ज्याचा त्यानं करायचा. भीमाबाईला हे फार आवडलं. परक्या हातचं नवऱ्याला पचणार नाही अशी तिची खात्रीच होती. आपल्या हातची भाकरीच त्याला उभा करील, असा थोडा तोराही होता.

किल्ली देताना रतनबाई म्हणाली, "बाई, जेवाया हाक मारशील ती नाव घिऊन मार. पान्याखाली जुनं गाव हाय. बिननावाची हाक कुनाची बी असती."

"मावशी, नवऱ्याचं नाव कसं घ्यावं?"

"मग हाक मारूच नगं. जाऊन हाताला धरून आन."

भीमाबाईनं मान हलवली आणि मनात हसली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. लग्नात उखाण्यातून 'काकासाहेब' हे नाव घेतलं तेवढंच. उखाण्यातल्या नावाला दोष नसतो म्हणे. गावाकडं ती दारात उभी राहून "अवो, जेवाया या" असं ओरडायची आणि दोन शेतांपलीकडून बरोबर तिचाच नवरा यायचा. दुसरा कोण येणार होता?

पहिले काही दिवस छान गेले. काकासाहेब काठावरच्या खडकावर बसत आणि दिवस कलला की ती त्यांना घेऊन येई. त्यांना भूक लागू लागली. त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली त्या दिवशी भीमाबाई चुलीपुढं बसून रडली.

एका संध्याकाळी तव्यावर भाकरी होती, कालवण उतू चाललं होतं आणि हात पिठात बरबटलेले. बाहेर धुकं पाण्यावरून अंगणापर्यंत आलं होतं. ती सवयीनं दारात गेली आणि सवयीनंच ओरडली, "अवो, या जेवाया. पानं वाढलीत."

"आलो," उत्तर आलं. आवाज नवऱ्याचा वाटला, नाहीही वाटला. मग डावीकडून आणखी एक "आलो." मग पाण्याच्या आतून, एका बाईचं, "आले." गुरं पाण्यातून बाहेर निघावीत तसा काठाला आवाज होऊ लागला. अंगणात ओली पावलं उमटत दाराकडं येत होती आणि माणूस एकही दिसत नव्हतं. भीमाबाईच्या पाठीमागं चूल फस्सकन विझली.

तिच्या डोक्यात एकच होतं: हे कुठं आहेत? खडक धुक्यात बुडाला होता. तेवढ्यात लांबून काकासाहेबांचा खराखुरा आवाज आला, "आलो गं भीमे. किती लांब गेलीस?" आवाज पाण्यातून येत होता आणि आणखी आत चालला होता. त्यांच्याही पुढं, खोलातून, कुणीतरी बोलावत होतं. "अवो, या जेवाया. पानं वाढलीत." शब्द तिचे होते आणि आवाजही तिचाच होता.

नाव ओठांपर्यंत आलं आणि अडकलं. घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होणार. न घेतलं तर कमी व्हायलाही काही उरणार नाही. तिला आईची आठवण आली, सासूची आली, आणि दोघींचा राग आला.

"काकासाहेब!" ती जीव खाऊन ओरडली. "काकासाहेब, मी हिकडं हाय. हिकडं या."

सगळं गप्प झालं. बऱ्याच वेळानं काकासाहेब धुक्यातून आले, छातीपर्यंत भिजलेले. "तूच तर पान्यातनं बोलवत हुतीस," ते म्हणाले. तिनं त्यांना घट्ट धरलं, उघड्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. आणि तशी उभी असताना तिनं ऐकलं. शाळेतलं नवं पोर शब्द घोकतं तसं पाणी हळूहळू म्हणत होतं, "काकासाहेब. काकासाहेब."

सकाळच्या पहिल्या एसटीनं दोघं निघाली.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. जिल्हा पाण्यासाठी रडला, भीमाबाईही चारचौघींबरोबर रडली. पण ती रोज आपल्या विहिरीत वाकून बघायची आणि तळ कोरडा दिसला की तिला बरं वाटायचं. गुरं तहानेनं हंबरत असताना असं वाटावं याची लाज वाटायची, तरी बरं वाटायचंच.

त्याच्या पुढच्या साली विहिरीला पाझर फुटला. घरात सगळे आनंदले. त्या संध्याकाळी काकासाहेब जेवून, हात धुऊन ओसरीवर बसले होते. एकाएकी विहिरीच्या दिशेनं मान वळवून त्यांनी विचारलं, "जेवाया हाक मारलीस व्हय गं? नाव घिऊन?"

भीमाबाईनं हाक मारली नव्हती.

"व्हय, मीच मारली," ती म्हणाली आणि तिनं दुसऱ्यांदा ताट वाढून आणलं.

"अगं, आत्ताच तर जेवलो."

"आनखी दोन घास खावा," ती म्हणाली, आणि त्यांच्या नि विहिरीच्या मधोमध बसली.