अस्वलांसाठी बोलत राहा

उपासनाकडे अमेरिकेत बेलव्ह्यूला येऊन मला महिना झाला होता, आणि माझी बायको कमला गेल्याला सात महिने. उपासना, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा येऊ शकली नव्हती. तिला विमानाचं तिकीट मिळालं तोवर नागपुरात सगळं आटोपलं होतं. आईचा शेवटचा दिवस कसा गेला, हे तिने मला फोनवर विचारलं, मग इथे आल्यावरही विचारलं. मी दरवेळी "शांतपणे गेली" म्हणायचो आणि उठून जायचो. पुढच्या रविवारी मी परत जाणार होतो.

त्या शनिवारी जावई राकेश आम्हाला डोंगरातल्या एका दरीत फिरायला घेऊन गेला. गाडी लावली तिथे अस्वलाचं चित्र काढलेली पाटी होती.

"बाबा, इथे एक रूल आहे," राकेश म्हणाला. "चालताना बोलत राहायचं. आवाज आला की अस्वल आपणहून बाजूला होतं. गप्प माणूस अचानक समोर आला की बिचकतं."

"मग माझं काही खरं नाही," मी म्हणालो. "मराठी समजतं का त्याला?"

"इथे एवढे मराठी लोक फिरायला येतात, बाबा. एव्हाना शिकली असतील."

"तू गाऊ नकोस फक्त," उपासना त्याला म्हणाली. "रागावून येईल एखादं."

तो कॅमेरा घेऊन मोठमोठ्याने गातच पुढे गेला. थोड्या वेळाने त्याचा आवाज धुक्यात विरला.

दरी सपाट होती. गवत तांबूस झालं होतं, आणि मधून एक ओढा आवाज न करता वाहत होता. इथे सुयांसारख्या पानांची उंच झाडं आहेत, सप्टेंबर संपता संपता ती पिवळी होतात. धुक्यातून एक झाड पुढे यायचं, पिवळं दिसायचं, मग मागे जायचं. एका झाडाला मी उभी बाई समजलो. जवळ गेल्यावर ते झाड झालं. पायाखाली माती इतकी मऊ होती की आपण चालतोय हेही कळत नव्हतं. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे आणि कुणी उठवू नये.

उपासनाने टाळ्या वाजवल्या. "बाबा, बोला ना."

"काय बोलू?"

"काहीही. भाजीचे भाव सांगा."

मी वांग्यांचा भाव सांगितला, मेथीचा सांगितला. "तुझी आई असती तर भाजीवाल्याला..." म्हणालो आणि थांबलो. धुक्यात मागून येणारी उपासना दिसेना. मग मला वाटलं, इथे एकमेकांचं तोंड दिसत नाही, इथे सांगायला जमेल.

"तिला ताप होता," मी म्हणालो. "डोक्यात चढला होता. वॉर्डात सुनेत्रा नावाची नर्स होती, तुझ्या वयाची. तुझी आई तिला उपासना म्हणायला लागली."

मागे तिची पावलं थांबली. मी चालत राहिलो, कारण थांबलो असतो तर बोलणंही थांबलं असतं. ती धावत आली.

"काय म्हणाली?"

"आधी रागावली. केस किती कोरडे झालेत, तेल लावत नाहीस म्हणाली. मग म्हणाली, एवढ्या लांबून आलीस, जेवलीस का? ती पोरगी म्हणाली, हो आई, जेवले. मग तुझ्या आईने तिचा हात धरला तो सोडलाच नाही. पोरीची ड्युटी संपली तरी ती शेवटपर्यंत बसून राहिली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या वाटचं दुसऱ्या कुणाला मिळालं असं वाटेल तुला, म्हणून."

धुकं वर उचलायला लागलं होतं. आधी ओढा दिसला, मग समोरचा उतार, मग वर ताजं बर्फ. सगळी दरी पिवळी होती.

"म्हणजे मी आले नाही, हे आईला कळलंच नाही," ती म्हणाली.

"नाही. तिच्या मनाने तू आली होतीस."

ती एका दगडावर बसली आणि रडली. मी तिच्या शेजारी बसलो. तिने स्वेटरच्या बाहीने तोंड पुसलं.

"बाबा, पुन्हा सांगा. पहिल्यापासून. काही गाळू नका."

"ताप सकाळीच चढला होता," मी म्हणालो.