मार आतून लागलाय

माझ्या अंगणात आजवर ट्रकची मडगार्डं आली, पाण्याच्या टाक्या आल्या, बालवाडीची हत्तीच्या सोंडेची घसरगुंडीसुद्धा आली. कयाक पहिल्यांदाच आली. टेम्पोवर दोरीनं आवळलेली, पिवळी, लांबलचक, दोन्ही टोकांना निमुळती. मागच्या फळीवरून एक उंच, काटक पोरगी उडी मारून उतरली. पुढच्या सीटवरून काठी टेकत तिचे वडील उतरले.

"हाफिजा चाची तुमीच काय? फायबरचं काम करता?" पोरीनं विचारलं.

"सव्वीस वर्षं झाली. ह्यात माणूस बसतंय व्हय?"

"एकटंच बसायचं. वल्हं मारत जायचं. दोन वर्षं झाली, नदीवर हेच चालतंय माझं."

मी बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. माझा स्वभावच तसा. नवीन वस्तू दिसली की आधी तिच्या पोटात डोकवायचं, माणसांना पाणी नंतर विचारायचं. माझा नवरा निसार ह्यावरून कायम टोकतो. आज तो मुरगूडला घसरगुंडी बसवायला गेला होता, त्यामुळे मला रान मोकळं होतं.

पोरीचं नाव संघप्रिया, गाव कुरुंदवाड. आम्ही दोघींनी बोट उलटी केली. तळाला, बसायच्या जागेच्या जरा पुढे, तळहाताएवढ्या जागेत चिरा पडल्या होत्या. मधे एक ठिपका आणि तिथून चहूबाजूंनी पळालेल्या रेषा. बोटीचा वरचा रंगीत, गुळगुळीत थर म्हणजे जेलकोट. ती तिची कातडी. खाली काचेच्या धाग्यांचं अंग. कातडी फुटली की पाणी हळूहळू अंगात मुरतं आणि बोट आतून कुजायला लागते.

"कशानं झालं हे?"

"संगमाजवळ खडकावर आपटली," संघप्रिया खाली बघत म्हणाली. "आनि मला कळलंसुदिक न्हाय, चाची. तेच वाईट हाय. खाली खडक हाय हे ज्याला कळत न्हाय, त्यानं पाण्यात जाऊ ने. रविवारी जिल्ह्याच्या निवडीची शर्यत हाय. मी जाणार न्हाय. बोट तेवढी नीट करून द्या, क्लबातली दुसरी पोरगी नेईल."

"चांगलंच हाय की," वडील म्हणाले. त्यांचं नाव प्रसेनजीत. तीस वर्षं बंधाऱ्यावर पाणी अडवायच्या फळ्या, म्हणजे बरगे, घालायची आणि काढायची नोकरी केली, तिथंच पडून गुडघा मोडला. "पाणी म्या बघितलंय, भाभी. हिला कवापासनं सांगतोय, सोड ते." बोलताना ते बोटीकडे बघत नव्हते. माझ्या पेरूच्या झाडाकडे बघत होते, आणि झाडाला एकही पेरू नव्हता.

मला पोरीचा राग आला. दोन वर्षं नदी पालथी घालणारी पोर एवढ्याशा चिरेनं हातपाय गाळते? पण राग फार टिकला नाही, कारण त्या चिरा मला गप्प बसू देईनात. आपटलेली मडगार्डं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. बाहेरून घासलं की लांब ओरखडा उठतो आणि रंग खरवडून निघतो. बाहेरून ठोका बसला की चिरा बांगड्यांसारख्या एकात एक येतात. इथे चांदणी फुटली होती. चांदणी कधी फुटते, हे मला ठाऊक होतं.

रुपयाचं नाणं घेऊन मी बोटीचा तळ वाजवत गेले. टक, टक, टक. चांदणीच्या मधोमध आवाज बसका झाला. मग बोट सुलटी केली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि आत डोकं घातलं. अगदी त्याच जागी एक गोल पांढरा डाग होता. नाण्यापेक्षा किंचित लहान, कडा स्वच्छ, धागे चेचलेले.

"हिच्यात काय जड टाकलंतं काय?"

"न्हाय की. तितं माझं पाय असत्यात."

"मग पोरी, तुझा खडक बोटीत बसलावता म्हणायचा. मार आतून लागलाय."

संघप्रियानं माझ्या हातातून टॉर्च हिसकावला. आत बघितलं, मग तळाखाली हात घालून सगळीकडे बोटं फिरवली. ओरखडा असता तर बोटाला लागला असता.

"म्हंजे मी आपटलीच न्हाय?"

"कुटं आपटली असशील तर दाव की मला."

"मग ह्ये केलं कुणी?"

शपथेनं सांगते, माझ्या मनात वाकडं काही नव्हतं. गोल, लहान, स्वच्छ कडांची कोणती वस्तू असेल, एवढंच मला हवं होतं. पहारीला टोक असतं. हातोडी मोठी पडते. वस्तू सापडेल म्हणून मी अंगणभर नजर फिरवली आणि ती सापडली. प्रसेनजीतभाऊंच्या काठीला खाली लोखंडी टोपी होती. मी बघतेय हे त्यांनी बघितलं आणि काठी पाठीमागे घेतली.

आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं. फार वेळ ठेवावं लागलं नाही.

"मीच," ते म्हणाले. "तू कॉलेजला गेलतीस. बोट घरामागं परड्यात दोन विटांवर हुती. बसलो मी तिच्यात."

"तुमी?"

"बसलो की. उठताना गुडघा धरला. काठी आत रोवली आनि सगळा भार दिला. कट्ट झालं. चार दिसांनी तू संगमावरनं आलीस, बोट उलटी केलीस आनि म्हणालीस, खडक. मी म्हटलं, असू दे खडक. भिऊन सोडशील तरी."

"महिना झाला पप्पा, मला झोप न्हाय!" ती ओरडली. शेजारच्या सबिनाच्या खिडकीचा पडदा हलला.

मला मात्र राहवेना. "पण भाऊ, बसला कशाला?"

"तीस वर्षं पाण्याच्या कडंला काढली, भाभी. मला कायम भ्याच वाटलं त्याचं. ही हसत जाती, हसत येती. म्हटलं, हिला तितनं काय दिसतंय, बगावं तरी."

"मग काय दिसलं?" संघप्रियाच्या आवाजात अजून धार होती.

"परड्यात काय दिसणार? म्हस."

मी फस्सकन हसले. ती हसली नाही, पण खाली बसली, बोटीला पाठ टेकून.

मग मी दोघांनाही कामाला लावलं. रुसवेफुगवे माझ्या अंगणात चालत नाहीत. आतल्या बाजूनं चेचलेले धागे खरवडले आणि काचेच्या मॅटचे दोन तुकडे रेझिननं चिकटवले. ते कडक झाल्यावर बाहेरच्या चिरा पात्यानं उकलून रुंद केल्या, नाहीतर भरलेलं आत उतरत नाही. रंग जुळवायला भाऊ माझ्यापेक्षा पक्के निघाले. "उन्हानं उतरलाय पिवळा, जरा पांढरा घाला," म्हणाले, आणि बरोबर होतं. हार्डनर घालून मी जेलकोट भरला, तर ते वर्तमानपत्रानं वारा घालायला लागले.

"वारा नगं! ह्यो भिंतीचा रंग न्हवं. ह्याला वारा लागला की वरनं चिकटच ऱ्हातंय."

मी त्यावर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद दाबून बसवला. वारा तोडल्यावरच हा थर वरपर्यंत कडक होतो. भाऊंना ह्याचं इतकं नवल वाटलं की ते दर दहा मिनिटांनी कागदावरून बोट फिरवून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच हजर झाले. ओल्या वॉटरपेपरनं घासायचं काम त्यांनी कुणालाच दिलं नाही. संघप्रिया शेजारी उभी राहून मगानं पाणी ओतत होती. बोलत नव्हती, पण धार तुटू देत नव्हती. दुपारी चांदणी कुठे होती, हे मलाही शोधावं लागलं.

"रविवारी मी जातोय," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी पोरांसारखं 'जातोय'च म्हणतात. भाऊंनी मान डोलावली.

रविवारी मीही निवड होती त्या तलावावर गेले. माझं काम तरंगतं की नाही, हे मला बघायचं होतं. शर्यतीला वेळ होता. संघप्रियानं आपलं लाइफ जॅकेट वडिलांना चढवलं, त्यांची काठी काढून माझ्या हातात दिली आणि बोट गुडघाभर पाण्यात धरली.

"बसा."

ते बसले. दोन्ही हातांनी कडा गच्च धरल्या. बोट डुलली, मग स्थिरावली. त्यांनी एकदा तलावाच्या पार पलीकडच्या काठापर्यंत बघितलं.

"सोड की जरा," ते म्हणाले.

तिनं हात काढले. बोट हातभर पुढे गेली. ह्या खेपेला काय दिसलं, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

इतक्यात स्पीकरवर तिचं नाव पुकारलं. काठी घेऊन मी पाण्यात पुढे झाले, पण त्यांनी ती मागितली नाही. लेकीचा खांदा धरून ते उतरले. बंधाऱ्यावर तीस वर्षं पाण्याला भिऊन काढलेल्या त्या माणसाचे दोन्ही पाय पाण्यात होते, आणि त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

"जा की," ते लेकीला म्हणाले. "बलावत्यात तुला."