उज्ज्वलाचा डावा पाय

उज्ज्वलाचा डावा पाय सुजला, तेव्हा महाळुंगे पडवळमधल्या तिच्या माहेरात डॉक्टर सोडून सगळ्यांना त्याचं कारण ठाऊक होतं. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे दवाखान्यातल्या फॅनचं वारं बाधलं. वडील गेणभाऊ तर ओसरीवर बसून ठासून सांगत, "पोट फाडल्यावं हवा पायातच उतरणार की!"

खरी गोष्ट साधी होती, म्हणूनच ती कुणाच्या पचनी पडेना. सिझेरियन होऊन घरी आली तशी तिला बाजेवर आडवी घातली. खाली शेगडी, कानाला फडकं, आणि पाय जमिनीला लावायची बंदी. बाळंतपणात रक्तस्राव थांबावा म्हणून बाईचं रक्त आधीच गोठायला टपलेलं असतं, त्यात हे लोळणं. पायाच्या शिरेत रक्त साकळलं आणि त्याची गाठ झाली. मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं, तिथं सुया टोचल्या, गोळ्या सुरू केल्या आणि बजावून घरी पाठवलं की चालायचं, आणि पाय कुणाला चोळू द्यायचा नाही.

यातलं एकही या घराला झेपणारं नव्हतं. बाळंतीण अंगणात फेऱ्या मारते म्हटल्यावर आई बायडाबाईला शेजारणींना तोंड दाखवायची लाज वाटू लागली. आणि चोळायचं नाही म्हणजे घोडेगावहून मुद्दाम आलेल्या चिमाबाईचा अपमान. चिमाबाई गेणभाऊंची थोरली बहीण. पंचक्रोशीतल्या बाळंतिणी आपल्याच हाताखालून गेल्यात, असं निदान ती तरी सांगायची.

उज्ज्वलाला या सगळ्यांची कीव यायची आणि संतापही. बारावी सायन्स झालेल्या पोरीचं कुणी ऐकायचं नाही, आणि चिमाबाईनं तेलाची बाटली काढली की सगळे हात जोडून उभे! त्या बाटलीला बारावीला किती मार्क पडले होते?

दुपारी बाळाला पाजता पाजता तिचा डोळा लागला. जाग आली ती सुजल्या पोटरीवर तेलकट अंगठे फिरायला लागले म्हणून. तिनं चिमाबाईला अशी लाथ हाणली की तेलाची वाटी थेट शेगडीपाशी गेली.

"म्हातारीला मारतीस व्हय गं?"

"मारते! तू माझा जीव घ्यायला बसलीस, ते चालतं?"

आई धावत आली. "पड आत्याच्या पाया!" उज्ज्वला कसली पडते! बाळ हातात देऊन तिनं आईलाच बाहेर काढलं आणि वर्गातल्या ढ पोराला शिकवावं तसं ती आत्याला शिकवायला लागली.

"ऐक. शिरेत गाठ हाय. गोळीनं ती विरघळत न्हाई, फकस्त वाढायची थांबती. विरघळवायचं काम अंगच करतं, हळूहळू, म्हयने लागत्यात. या घरात गप ऱ्हाऊन काम करणारं तेवढंच हाय! आन् तोवर कुणी शहाणीनं रगडलं, तर गाठीचा तुकडा सुटतो, रक्तासंगं वर जातो आन् फुफ्फुसात अडकतो. मग तुझं तेल न्हाई का अंगारा न्हाई. कळलं?"

चिमाबाई पदराला हात पुसत होती. "मंग काय व्हतं?"

"काय व्हायचंय? छातीत कळ येती. धाप लागती. व्हट निळं पडत्यात. बोलता बोलता माणूस जातं."

"पानी मागतं का गं?"

"मला काय ठावं!" उज्ज्वला खेकसली.

"सखूनं मागितलं व्हतं."

सखू चिमाबाईची एकुलती लेक. उज्ज्वला शाळेत असताना ती पहिल्या बाळंतपणात गेली. बाहेरचं काही बाधलं, असं तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"तिचा बी पाय असाच सुजला व्हता. नको नको म्हनत व्हती, दुखतंय म्हनत व्हती. मी म्हनलं, दुखतंय म्हंजी लागू पडतंय."

एरवी उज्ज्वलाच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. आता तिला त्या जिभेचीच लाज वाटली. "आत्या, तसंच आसंल असं न्हाई. सखूताईला दुसरं कायतरी झालं आसंल. बाळंतपणात लई कारणं..."

"ऱ्हाऊ दे. मगा कशी घडाघडा बोलत व्हतीस."

चिमाबाई उठून दारात गेली. "बायडे, पोरीला अंगणात फिरू दे. आन् पायाला कुणी हात लावायचा न्हाई."

"आता गं बया! वन्सं, एवढ्या बाया चोळल्यासा की तुमी. सगळ्या धडधाकट हायेत."

"त्या वाचल्या," चिमाबाई म्हणाली. "माझी न्हाई वाचली."