बारीक बायको

कारखान्यात तिला सगळ्या जणी ढब्बू म्हणायच्या आणि तीही खुशाल ओ द्यायची. बायकांचे झगे शिवायचं काम. अंगाने भरलेली, हसली की खुर्ची करकरायची. नवऱ्यावर तिचा भारी जीव. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याच्या अंगाचा स्पर्श झाला की तिला तो हवासा वाटायचा. बाईने हे बोलायचं नसतं म्हणे. न बोलल्याने काय ते खोटं होतं?

नवऱ्याचं घोडं मात्र भलतीकडेच अडलं होतं.

"जरा बारीक हो ना," तो म्हणायचा. "तुझ्याजवळ यावंसंच वाटत नाही."

एवढं बोलून तो घोरायला मोकळा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेवटी तिने पोटाला चिमटा घेतला. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी, रात्री पाणी पिऊन झोप. मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. वर्ष सरता सरता ती निम्मी झाली. मग शिवणाऱ्या बाईने कधी करू नये ते तिने केलं. आपले सगळे कपडे आवळून शिवले आणि शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड कातरून फेकून दिलं. गिऱ्हाइकाच्या झग्यात ती बोटभर कापड सोडायचीच, कारण बाईचं अंग आज एक, उद्या दुसरं. हे दुसऱ्यांना शिकवणारी बाई स्वतःच्या बाबतीत अडाणी निघाली.

कौतुकाला तर ऊत आला. नणंद म्हणाली, "वहिनी, तू ओळखूच येत नाहीस!" नवरा तिला मित्रांच्या घरी मिरवायला लागला. आणि मुख्य म्हणजे, जवळ यायला लागला.

पण आता तिलाच काही वाटेना. पाळी आधी लांबली, मग बंदच झाली. तो जवळ आला की आत सगळं कोरडं, नुसती आग. ती ओठ चावून पडून राहायची आणि त्याला वाटायचं, लाजते आहे! ज्याच्यासाठी जीव आटवला ते ताटात आलं, तर भूकच मेलेली. ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची.

एकदा दुखणं सोसेनासं झालं तेव्हा ती नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तपासण्या करून घेतल्या.

"आधी काही त्रास होता? पाळी, साखर, रक्तदाब?"

"काही नाही. सगळं वेळच्या वेळी."

"जास्त चरबीने काहींना त्रास होतो, तसा तुम्हाला नव्हता. पण बाईच्या अंगाला थोडी चरबी लागतेच. तुम्ही उपाशी राहून ती पार उतरवलीत, म्हणून शरीराने पाळी थांबवली. कोरडेपणा, दुखणं, इच्छा मरणं, सगळं त्यातलंच. पोटभर जेवा, वजन वाढू द्या. बारीक व्हायला सांगितलं कोणी?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचा तक्ता वाचत होता.

"म्हणजे पुन्हा पहिल्यासारखी जाड होणार ही?" त्याने विचारलं. बायकोला कुठे दुखतं, हे काही त्याने विचारलं नाही.

ती जेवायला लागली. जुने कपडे उसवायला जागाच नव्हती, तेव्हा नवे शिवले. गाल भरले, दंड भरले, काही महिन्यांनी पाळी आली. आनंदाने तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो तिच्या पोटाकडे बघून म्हणाला, "सुधारलीस, ते दिसतंच आहे."

आणि एका सुट्टीच्या दुपारी, तो शेजारी लवंडलेला असताना, ते हवंसं वाटणं परत आलं. अगदी पहिल्यासारखं. ती हरखून गेली, लाजलज्जा गुंडाळून त्याच्या कुशीत शिरली. त्याचा हात तिच्या पाठीवरून खाली कमरेपर्यंत आला. तिथल्या वळीवर थबकला. मग त्याने तिथे दोनदा थोपटलं.

"उद्यापासून चालायला जात जा," तो म्हणाला.

तिच्या अंगात सगळं जागं होतं.

"अहो, मला आत्ता तुम्ही हवे होतात," ती म्हणाली.

"मी कुठे नाही म्हणतो? आधी थोडं वजन उतरव तर खरं."

तिने त्याचा हात काढून बाजूला ठेवला आणि ती उठून बसली. हवंसं वाटणं अजून गेलं नव्हतं. फक्त त्यात आता तो नव्हता.