बारावं नाव

मी आठवीच्या वर्गाचा हजेरीपट बोलतोय. गंगाखेडच्या अलीकडे, निजामी अमलातल्या एका खेड्यात माझी शाळा. माझ्या शेजारी, त्याच फळीवर, मास्तरांची हजेरीवही असायची. तिच्यात नावं दोनच, तरी तिला निळ्या कापडाची बांधणी! माझे मात्र महिन्यातच कान मोडलेले. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळायचो.

तिच्यातलं दुसरं नाव वीरुपाक्ष मास्तरांचं. बावीस वर्षांचे, स्वतः सातवी पास, खालच्या वर्गांना शिकवायचे. आठवीची हजेरीही तेच घेत. "काय रं, जेवलास का?" असं विचारून मगच खूण करायचे. रोज हाताळायचे मला आणि नाव मात्र तिच्याकडे!

नवी आठवी चालवायला सरकारी इजाजत हवी होती. त्यासाठी बारा मुलं लागत. आमची होती तेवढी. पण तपासणीच्या तोंडावर मुंजाजी आईबापांसोबत कापूस वेचायला गेला. उरली अकरा.

हेडमास्तर माणिकराव म्हणाले, "वीरुपाक्ष, तुमीच बसा की आठवीत. तुमचं बी शिकायचं राहिलंच हाय."

"बसतो की! लय दिवसांची इच्छा हाय."

माणिकराव नेकीचे. "एक माणूस दोन वह्यांत नको, लबाडी होती," म्हणत त्यांनी निळ्या वहीतलं नाव खोडलं आणि माझ्यात लिहिलं. बारावं! त्या दिवशी मी शेजारणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तपासणीचे साहेब आले. "पोरं बारा. दुरुस्त. आता उस्तादांची वही." ती उघडून त्यांनी भुवया चढवल्या. "एकच? आठवीला दोन लागतात."

बाराच्या नादात हे सगळेच विसरले होते. माणिकरावांनी सतरंजीकडे बोट दाखवलं. "दुसरे हे काय, बसलेत की!"

"ते तर विद्यार्थी."

"आत्ता परत लिवतो नाव, साहेब."

"मग पोरं अकरा," साहेब हसले. पोरंही हसली. वीरुपाक्ष मास्तर मान खाली घालून बसून राहिले.

आठवी बंद झाली. काही पोरं परभणीला गेली, बाकीची शेतात. ते हसू मास्तरांना सोसलं नाही. चार दिवसांत गाव सोडून गेले. खालच्या वर्गांची चिल्लीपिल्ली अजून त्यांची वाट बघतात.

माझ्यातल्या अकरा नावांवर रेघ पडली. बारावं खोडायला माणिकरावांचा हात उचलला नाही. आता ते एकटंच आहे माझ्यात.

शेजारीणबाई गं, तुझं होतं ते नाव. घेऊन जा. मला नको.