कापलेला कोपरा

“सहाव्या मजल्यावरच्या गच्चीला भिंत दोन मजले उंच घ्या,” बिल्डर नकाशावर बोट आपटत म्हणाला. “गच्चीवर बसलेल्या माणसाला मागच्या गल्लीतली धुणी दिसता कामा नयेत.”

टॉवरचा तो नकाशा तिने काढला होता, साहेबांच्या ऑफिसात आर्किटेक्ट म्हणून. त्या गल्लीतच तिचं माहेर होतं. गल्लीकडचा, गच्चीचा तो कोपरा तिने सहाव्या मजल्यापासून वर कापून मोकळा ठेवला होता, थंडीतलं ऊन गल्लीत उतरावं म्हणून. त्यासाठी साहेबांशी वर्षभर भांडली होती. आता साहेबच “आमची इमारत शेजाऱ्यांना ऊन देते” असं सांगून टाळ्या घेत. त्याचं तिला काही नव्हतं. बाबांना मात्र तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, “अंगणातलं ऊन जाणार नाही. मी आहे ना!” तेवढ्या शब्दावर बाबांनी घरोघरी जाऊन सगळ्या गल्लीला टॉवरविरुद्धच्या हरकती मागे घ्यायला लावल्या होत्या.

“सर, एवढी भिंत आली तर कोपरा कापून उपयोग काय? ऊन अडणार.”

“कोपरा आहेच की,” साहेब म्हणाले. “भिंतीवर वेली सोडू. छान दिसेल.”

“दिसेल हो, पण गल्लीला...”

“मॅडम, तुम्ही गल्लीचं काम करता की माझं?” बिल्डरने हसत विचारलं. साहेबही हसले. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, एवढं शास्त्र त्यांना पक्कं येत होतं.

नकाशा दोघांच्या तोंडावर फेकावा असं तिला शंभरदा वाटलं. पण पन्नाशीच्या बाईला दुसरीकडे कोण विचारणार होतं? तिने भिंत काढली. तीही नीटनेटकी, कामात हयगय तिच्या हातून व्हायचीच नाही.

पुढच्या थंडीत ती बाबांकडे गेली. भर दुपारी अंगणभर टॉवरची सावली होती आणि बाबा स्वेटर, शाल, मफलर असा सगळा जामानिमा करून खुर्चीत बसले होते. कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलंच, “काय हो, लेकीनं ठेवलेलं ऊन कुठं गेलं?”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“यंदा हवाच ढगाळ आहे हो,” बाबा म्हणाले.

काकूंनी वर पाहिलं. आभाळ निळंभोर होतं. त्या आत गेल्या.

“बाबा, आत चला ना. कुडकुडताय.”

“बसू दे गं. मी उठलो तर सगळ्यांना कळेल.”

बाबांनी मफलर कानांवर ओढला आणि डोळे मिटून चेहरा वर केला, ऊन खात असल्यासारखा.